शेवटचा पेच डावीकडे

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बाबा,

काल सोमवार होता. तुम्ही इस्त्रीवाल्या काकांकडे गेलात का?

गेला नसाल तर जाऊ नका. पत्र इथेच संपलं तरी चालेल. पण हे पत्र तुम्हाला मिळणार तेच मुळी काकांच्या दुकानात, म्हणजे जाऊ नका हे वाचायलासुद्धा तुम्हाला तिथे जावं लागणार. बघा, चार वर्षांनी लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत माती खाल्ली.

वर मायना घातलेला नाही. शिकवला होता कुठल्यातरी शाळेत, पण शाळा पाच आणि वर्ष एकेक, त्यात मायना कुठे राहिला ते तुम्हीच आठवा.

मी एका बेटावर आहे. कपबशांचा कारखाना आहे, मी पॅकिंगच्या शेडमध्ये. हसू नका. ज्या घरात एक धड कपबशी नव्हती त्या घरातला पोरगा दिवसाला शंभर खोकी कपबशा बांधतो. आई म्हणायची ना, स्टीलचे पेले बरे, निघायच्या वेळी फुटत नाहीत. शुक्रवारी सकाळी बोट येते आणि संध्याकाळी परत जाते. बाकी सहा दिवस नुसतं पाणी. ऑफिसात फोन आहे, पण तार तुटलीय, तो मेलाय. म्हणून पत्र.

गेल्या शुक्रवारच्या बोटीने एक म्हातारा आला. स्वच्छ दाढी केलेला, हातात छत्री, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मला वाटलं माल बघायला आलेला व्यापारी असेल. त्याने खिशातून दोरीचा तुकडा काढला. आमच्या खोक्याची दोरी. दोन्ही बाजूंनी कापलेली आणि मधली गाठ तशीच ठेवलेली. मुकादमाला विचारलं, "ही कुणी बांधली?"

मुकादम म्हणाला, "आमच्या गाठमास्तरने."

गाठमास्तर म्हणजे मी. ती तुमची गाठ आहे, बाबा. चौथ्या शाळेतून पाचव्या शाळेत गेलो आणि मला पुन्हा तिसरीत बसवलं, मी दाराच्या मागे तोंड लपवून बसलो होतो, तेव्हा तुम्ही सुतळी घेऊन शेजारी येऊन बसलात. नुसती बांधून दाखवली. दिसायला निरगाठ, पण आतलं टोक सापडलं की सुरगाठीसारखी सुटते, आणि ज्याला टोक सापडत नाही त्याला कापावीच लागते. दुपारभर आपण तेच करत बसलो होतो. शेवटी म्हणालात, "घरात बांध. बाहेर नको." मला वाटलं, ते बाहेर नाव सांगू नकोस, बाहेर फोटो काढू नकोस, त्यातलंच हे एक. तुमच्या 'बाहेर नको'ची यादी एवढी मोठी होती की त्यात ही गाठ कुठे बसली ते मी विसरूनच गेलो.

इथे बोटीच्या हेलकाव्याने दोऱ्या ढिल्या व्हायच्या आणि खोकी उघडली की आत नुसता चुरा. तिसऱ्या आठवड्यात मी तुमची गाठ मारली. फुटतूट थांबली. मुकादमाने मला आठ जणांना शिकवायला लावलं. जन्मात पहिल्यांदा मला कुणी कशाचा तरी मास्तर म्हटलं. आणि ती खोकी कुठे कुठे जातात ते मी कधी विचारलं नाही.

पाहुणा म्हणाला, मी तुझ्या वडिलांबरोबर कामाला होतो. आणि त्याने तुमचं ते जुनं नाव घेतलं.

ते नाव मला माहीत असेल असं तुम्हाला वाटत नसेल. मी घर सोडलं त्या दिवशी आईने सांगितलं होतं. मी तुम्हाला भित्रा म्हणून ओरडत होतो, बॅगेत कपडे कोंबत होतो, आणि ती दारात उभी राहून म्हणाली, "ऐकून तरी जा. तुझे बाबा अकरा वर्षं सरहद्दीपलीकडे राहिले, दुसऱ्याच नावाने, त्या लोकांच्या कचेरीत पार्सल कारकून म्हणून. तिथलं वाचायचं आणि इकडे कळवायचं, हेच त्यांचं काम. ते लोक अजून शोधतायत. या नावाने कुणी विचारलं तर तो आपला नाही असं समज. आपल्यातल्या कुणाला हे नाव माहीतच नाही."

मी हसलो. म्हटलं, हेर? हे? यांना बाजारात मोडकी छत्री नवी म्हणून विकतात, आणि हे हेर!

बोट सुटून गेल्यावर मला आईचं बोलणं आठवलं. मी पाहुण्याला काही सांगितलेलं नाही. तरी तुम्ही तिघं तिथून हला. आईला आणि बारकीला सांभाळा.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

बाबा,

परवाचं पत्र खिशातच आहे, उद्याच्या बोटीत दोन्ही टाकतो. वाचून पाहिलं. तुम्ही ते एका मिनिटात पकडलं असतं. काही सांगितलं नाही, तर काकांकडे जाऊ नका का म्हणतोय हा?

पत्ता दिला मी. तोंडाने नाही. लिहिलेला दिला.

बारकीसाठी एक स्वेटर घेतला होता. निळा, पुढे दोन खिसे. बोटीवरच्या माणसाकडून घेतला. दोन आठवडे बांधून ठेवला होता, वर काकांच्या दुकानाचा पत्ता, तुम्ही घालून दिलेल्या पद्धतीने पाठवणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. पाठवायचा धीर होत नव्हता. चार वर्षं गप्प राहिलेल्या माणसाने एकदम स्वेटर पाठवायचा म्हणजे कसंतरीच. पाहुण्याने तो माझ्या खाटेवर पाहिला. म्हणाला, "पोस्टाने नऊ दिवस लागतील. मी त्याच बाजूला चाललोय. सोमवारी सकाळी पोचेल."

मी दिला. वर त्याला म्हटलं, सांभाळून हां, पहिल्यांदाच पाठवतोय.

आणि आठवण बोट सुटल्यावर झाली हेही खोटं आहे. त्याने ते नाव घेतलं तेव्हा पार्सल माझ्याच हातात होतं. आई डोळ्यांपुढे आली, दारात उभी. सगळं आठवलं. तरी दिलं. कारण त्याच्या आधी दोन तास तो तुमच्याबद्दल बोलत होता. बाबा, माझ्या आयुष्यात तुमच्याबद्दल चांगलं बोलणारा मला कुणी भेटलाच नव्हता. शेजाऱ्यांना तुम्ही माहीत नव्हतात, नातेवाईक आपल्याला नव्हते, आणि तुम्ही स्वतः तर काय, पाऊस येईलसं दिसतंय याच्यापुढे कधी गेला नाहीत. तो म्हणाला, "तुझ्या बापाइतका थंड डोक्याचा माणूस मी पाहिला नाही. अकरा वर्षं माझ्या थोरल्या भावासमोर बसून डबा खाल्ला त्याने. एक दिवस घास हलला नाही." मला वाटलं अजून सांगावं. मला वाटलं, नावाचं काय एवढं, आईची काहीतरी गल्लत झाली असेल.

मग त्याने ती गाठ हातात घेऊन बोटाने दाखवलं. "ही माझ्या भावाने काढलेली. कचेरीतली महत्त्वाची पार्सलं तो एकटाच बांधायचा. कुणी उघडलं तर कळावं म्हणून. तुझ्या बापाने नुसती बघून बघून उचलली. उघडायचा, वाचायचा, परत बांधायचा. फक्त शेवटचा पेच भाऊ उजवीकडे घालायचा आणि तुझा बाप डावखुरा. हे आम्हाला फार उशिरा दिसलं. तोवर सगळ्यांना वाटलं, गाठ ज्याची, त्यानेच उघडली."

मी विचारलं, "मग भाऊ काय करतात आता?"

"नाही तो," म्हणाला. आणि अजून थोडा चहा मिळेल का असं विचारलं. मी आणून दिला. साखर जास्त घातली.

आज सकाळी मुकादमाकडे गेलो. म्हटलं, मला उद्याच्या बोटीने जाऊ द्या.

"कोण मेलं?"

"अजून कुणी नाही."

"मग मेल्यावर ये. करार सप्टेंबरपर्यंत आहे."

माझे कागद साहेबांच्या कपाटात आहेत आणि कागदाशिवाय बोटवाला पायरीवरही उभं करत नाही. पाहुण्याची गाडी वेळेवर असली तर तो या सोमवारी, तीन तारखेलाच पोचला. चुकली असली तर येत्या सोमवारी, दहा तारखेला तुम्ही त्याला सापडाल. ही पत्रं उद्या निघाली तरी सोळाच्या आत पोचणार नाहीत. मी हे बोटांवर मोजून पाहिलं. परत परत मोजलं. तिसरीतच बसलोय अजून असं वाटतं.

सोमवार, १० फेब्रुवारी

बाबा,

शुक्रवारी बोट आलीच नाही. समुद्र खवळलेला. दोन्ही पत्रं शर्टाच्या खिशात, घामाने शाई उतरली आहे.

आज सकाळी फोनची तार जोडली. साहेबांच्या दारात दीड तास उभा राहिलो, पाच मिनिटं मिळाली. काकांच्या दुकानाशेजारच्या दवाखान्याला लावला. त्या पाटीवरचा नंबर मी लहानपणी काकांच्या बाकावर बसून शंभरदा वाचलाय. कंपाउंडरने काकांना बोलावून आणलं. तुम्हाला माहीतच आहे, त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे बोलतात.

"कोण? थोरला? अरे कुठे उलथला होतास चार वर्षं!"

"काका, बाबा आले का आज?"

"आज नाही आले. मागच्या सोमवारी आले होते. त्यांचे कपडे इथेच पडलेत. तुझ्या बापाला सांग, माझ्या इस्त्रीत खोट काढायचं काही कारण नव्हतं."

"काय झालं, नीट सांगा."

"सकाळी एक गृहस्थ तुझं पार्सल देऊन गेले आणि समोर हॉटेलात जाऊन बसले. मग तुझे बाबा आले. पार्सल हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं, गाठीवरून बोट फिरवलं, आणि बाकावर बसले ते बसलेच. मी म्हटलं, दोनची बस जाईल. म्हणाले, आज जाऊ द्या. कपडे बांधून दिले तर म्हणाले, ठेवा, पुन्हा इस्त्री करा. पुन्हा? मी काय पहिल्यांदा झोपेत केली? चांगला भांडलो मी."

"मग?"

"मग काय, दोनची बस गेली. ती वळणावरून दिसेनाशी झाली तशी तुझ्या बाबांनीच त्या समोरच्या गृहस्थांना हाक मारली. म्हणाले, या, किती वेळ लांब बसणार. दोघं इथे बाकावर बसले. चहा घेतला. जुने दोस्त दिसत होते. फार काही बोलत नव्हते, पण दोस्तांना बोलावं कुठे लागतं? मग माझ्याकडून दोरी मागितली, तेच पार्सल पुन्हा बांधलं, आणि गाडीतून गेले दोघं."

"कुठे गेले?"

"ते मी कशाला विचारू? बरं, तू कधी येतोयस?"

साहेबांनी घड्याळ दाखवलं.

दोनची बस मला सांगायला नको. गावं बदलली, तरी काकांचं दुकान आणि दोनची बस तीच. ज्या ज्या गावात राहिलो तिथे सोमवारी खिडकीत मीच बसलेला असायचो. बाबा बसमधून उतरले, हातात कपड्यांचं गाठोडं आहे, की मी ओरडायचो आणि आई चहा ठेवायची. उतरले नाहीत, तर आईने खाटेखालची बॅग घ्यायची आणि निघायचं. लोक जेवून आडवे होतात ती वेळ, कुणाचं लक्ष नसतं. कुठे जायचं ते आईने एकटीने ठरवायचं, तुम्हाला कधीही सांगायचं नाही. मी एकदा विचारलं होतं, बाबांना का नाही सांगायचं? आई म्हणाली होती, "माहीत नसलेलं कुणी काढून घेऊ शकत नाही." मला तेव्हा वाटायचं, हा खेळ आहे आणि तो फारच कंटाळवाणा आहे.

म्हणजे तुम्ही पार्सल हातात घेतलं आणि शेवटचा पेच उजवीकडे पाहिला. मी डावीकडे घातला होता. त्याने उघडून आत पाहिलं असणार आणि आपल्या हाताने परत बांधलं. चूक झाली त्याची, की मुद्दाम बांधलं, तुम्हाला कळावं म्हणून, ते मला कळत नाही. तुम्हाला बाकावर बसल्या बसल्या कळलं असेल.

पळाला असतात तर तो घरापर्यंत मागे आला असता. म्हणून तुम्ही बसून राहिलात. बस जाईपर्यंत. भित्रा म्हणालो होतो मी.

आणि मी पहिलं पत्र लिहायला बसलो, काल सोमवार होता असं लिहिलं, तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

बाबा,

आज बोट आली. पत्रं टाकली नाहीत. कुणाला टाकू?

बोटवाल्याने माझ्या नावाचं खोकं दिलं. अक्षर अनोळखी, पाहुण्याचंच असणार. खोक्यावर दोन दोऱ्या. खालच्या दोरीची गाठ आपली, शेवटचा पेच डावा. तिच्यावरून दुसरी दोरी, तीच गाठ, पेच उजवा. मुकादम बघून म्हणाला, "तुझी शाळा लांबवर पोचली म्हणायची."

मी ते शेडच्या मागे नेऊन सोडलं. वरची गाठही मला सोडता आली, बाबा. आरशात बघून केल्यासारखं उलटं केलं की झालं.

आत निळा स्वेटर. घडीसुद्धा माझीच. बारकीपर्यंत तो पोचलाच नाही, पोचणार कसा, तुम्ही बाकावरून उठलाच नाहीत. खिशात काकांच्या दुकानाच्या पावतीमागे तुमचं अक्षर.

"हा बारकीला लहान झाला असता. ती आता माझ्या खांद्याला लागते. तू शेवटचा पेच अजून डावीकडे घालतोस असं पाहुणे म्हणाले. बरं वाटलं. शिकवली मी होती, तेव्हा उगाच डोक्यात काही घेऊ नकोस. पाऊस येईलसं दिसतंय."

बस्स. पाहुण्याने हे वाचलं असणार आणि जाऊ दिलं.

मी बारकीचं माप डोळ्यांनी घेतलं होतं. चार वर्षांपूर्वीच्या डोळ्यांनी. ती निघताना दाराच्या कडीला लटकून उभी होती, तेवढीच धरून चाललो होतो. स्वेटर घेताना बोटवाला म्हणाला होता, एक माप मोठा घे, पोरं वाढतात. मी म्हटलं, मला माहीत आहे माझी बहीण केवढी आहे ते.

रविवार, २३ फेब्रुवारी

बाबा,

परवाची बोट येऊन गेली. माझ्यासाठी काही नव्हतं. काकांना पुन्हा फोन लावला. कपडे अजून तिथेच आहेत. काकांनी ते खरंच पुन्हा इस्त्री करून ठेवलेत. म्हणाले, "येऊ दे, फुकट देतो, पण खोट काढून दाखव म्हणावं." आमचा राग निवळलाय, असंही सांग म्हणाले.

काकांना मी काही सांगितलं नाही. तुम्ही शिकवलेलं एवढं तरी पाळलं.

हे पत्र कुठे टाकायचं ते ठाऊक नाही, तरी लिहितोय. एका गोष्टीचा निर्णय होत नाही, तो तुम्हीच करा.

आईला मी कुठे आहे ते माहीत नाही. पार्सलावर गाव नव्हतं, पाहुण्याने ते हाताने नेलं त्यामुळे पोस्टाचा शिक्काही नव्हता, आणि तसं असतं तरी तिने ते पाहिलंच नाही. ती कुठे आहे ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. आमच्यामध्ये आता एकच वस्तू उरली आहे. आईला ही गाठ ओळखता येते. मी आणि तुम्ही सुतळी घेऊन बसायचो तेव्हा ती भाजी निवडता निवडता बघायची. आमच्या खोक्यावर कारखान्याचा ठसा असतो, बेटाचं नाव असतं. कुठल्यातरी दुकानाच्या दारात तिने ते खोकं पाहिलं, पेच डावीकडे पाहिला, तर तिला कळेल हा कुठे आहे.

पण पाहुण्यालाही कळतं. त्याचं काम संपलंय की नाही, तेही मला माहीत नाही. मी बांधत राहिलो तर आई इकडे येईल, आणि कदाचित तिच्या मागून तोही येईल. थांबलो तर ती कधीच येणार नाही.

सोमवारपासून मी साधी गाठ मारून पाहिली. दोन दिवसांत खोकी ढिली झाली. मुकादम आला.

"गाठ का बदलली?"

"कंटाळा आला."

"गाठमास्तर, कंटाळा सप्टेंबरनंतर. तुझ्या एकट्याच्या लहरीवर कपबशा नाही फुटायच्या."

आणि मी थांबून तरी काय? शेडमध्ये आठ जण आहेत, मीच शिकवलेले. आठही जण उजव्या हाताचे, आणि आठही जण शेवटचा पेच डावीकडे घालतात, कारण मास्तर तसा घालतो. त्यांना काय सांगू?

काल शंभर आणि वर बारा खोकी बांधली. हात आपोआप चालतात, बाबा, मी न बघता बांधतो. बांधताना मी आईला त्या दुकानाच्या दारात उभी करतो. खोकं फुटपाथवर पडलंय, दुकानदार आतून पेंढा काढतोय, एकेक कप फडक्याने पुसून मांडतोय. बारकी तुमच्या खांद्याएवढी, शेजारी उभी. मग मला दिसतं की आई थांबतच नाही. सरळ पुढे जाते. कपबशांच्या दुकानापुढे ती कशाला थांबेल? फुटणारी वस्तू तिने आयुष्यात कधी घेतली नाही.

उद्या सोमवार.